विष बाहेर पडलं पाहिजे

"पडलं! सगळं पडलं बघा, कंडक्टर सायेब!"

सकाळी मी तोंड धुवायला नळावर गेलो तर बाळकूआण्णा आधीच तिथं हजर होता. बायकोच्या उलटीचं घमेलं खळखळून धुता धुता तो मला सगळी हकिगत सांगायला लागला. रात्री आधी पेज पडली, मग पिवळं पडलं, पहाटे पहाटे तर नुसतं हिरवं पाणी. तोंडावर असा आनंद, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात बारसं आहे.

"आनि वैनींचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. गोळी घेतली आणि ढाराढूर झोपली," मी जरा मिजाशीतच म्हणालो. "आत्ता उठून उपमा मागतेय."

त्याचे हात थांबले.

"आजाबात न्हाई?"

"अजिबात."

"मळमळ तरी?"

"नाही हो आण्णा. सांगतोय ना."

त्यानं नळ बंद केला. मयताच्या घरी गेल्यावर माणसं आवाज खाली आणतात, तसा आवाज खाली आणून तो म्हणाला, "बघू. देव हाय."

माझं डोकंच सटकलं. माझी बायको कितीतरी दिवसांनी स्वतःहून खायला मागतेय आणि या बाबाला देव आठवतोय! पण सकाळी सकाळी कुणाच्या तोंडी कशाला लागायचं म्हणून मी बादली भरून निघून आलो.

ही गोष्ट मिरजेतली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. मी तेव्हा विटा डेपोत कंडक्टर होतो. मालनच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि मग सुईतून द्यायच्या औषधाचे डोस सुरू झाले. प्रत्येक डोसनंतर काही दिवस पेशंटनं जवळपास राहायचं, रोज सकाळी दाखवायला यायचं, असा दवाखान्याचा नियम. म्हणून दवाखान्याजवळच्या एका ट्रस्टच्या निवासात आम्ही खोली घेतली होती. लांबलचक व्हरांडा, त्याला लागून खोल्या, टोकाला नळ आणि सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. व्हरांड्यात पेशंटांचे नवरे, भाऊ, पोरं बसलेली असायची. सकाळी राम राम नसायचा. एकमेकांना विचारायचे, "पडलं का?"

पहिल्या डोसनं मालनचे हाल कुत्रा खाईना असे केले होते. घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "अहो, मला घरी न्या. मरायचंच आहे तर ओकत कशाला मरू? परत त्या सुईला मी हात देणार नाही." मालन कमी बोलते, पण बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ. मी हात जोडले, ओरडलो, तिच्या भावाला बोलावलं. ती हलली नाही. आणि डॉक्टर तर सांगत होते, डोस पुरे केले तर ही बाई वाचते, अर्धवट सोडले तर सांगता येत नाही.

शेवटी निमकर मॅडमनी मार्ग काढला. या तिथल्या डॉक्टर, वयानं आमच्यापेक्षा लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "उलटी थांबवणारी दोन औषधं आहेत. दोन्ही चांगली आहेत, पण त्यातलं जास्त चांगलं कुठलं ते आम्हाला बघायचंय. काही पेशंटना एक देतो, काहींना दुसरं. पाकिटावर नाव नसतं. तुम्हाला कुठलं मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही."

मालन उठून बसली. "मॅडम, तुम्हालाच माहीत नसेल तर माहीत कुणाला?"

"पाकिटं भरणाऱ्यांना. मला कळलं तर मी नकळत एकाची बाजू घेईन."

"म्हणजे तिकीट फाडायचं आणि गाव सांगायचं नाही," मी म्हणालो. मॅडम हसल्या. मालन हसली नाही, पण माझ्या तोंडाकडं बघून तिनं मान डोलावली. "एकदाच. परत तसंच झालं तर सरळ घरी."

दुसरा डोस झाला, पाकिटातल्या गोळ्या सुरू झाल्या आणि उलटी गायब! मी देवाला नारळ बोललो होतो, तो त्याच दिवशी फोडला. बाळकूआण्णाच्या बायकोचं, अक्काताईचं नावही दोन औषधांच्या त्याच तुलनेत होतं. तिलाही तसंच बिननावाचं पाकीट मिळालं होतं. मी आपला मनात म्हणालो, आपल्याला चांगलं औषध आलं, त्या बिचारीला दुसरं आलं. एवढं सोपं होतं ते माझ्या लेखी.

बाळकूआण्णा जतकडचा. उंच, हडकुळा, मिशा पिकलेल्या, बायकोवर जीव टाकणारा माणूस. तिचे पाय चेपायचा, केस गेल्यावर तिच्या डोक्याला रोज खोबरेल लावायचा, तिचं लुगडं स्वतः धुवायचा. व्हरांड्यात त्याला मोठा मान होता, कारण त्याच्या घराण्याचं कामच विष काढायचं. त्यांच्या भागात कुणी रागाच्या भरात फवारणीचं औषध पिलं, की आधी बाळकूआण्णाला हाक जायची. मिठाचं पाणी तांब्या-तांब्यानं पाजायचं, घशात कोंबडीचं पीस फिरवायचं, आणि माणूस आतनं रिकामा होईतो सोडायचं नाही. आता डॉक्टर सांगतात की असं कधीही करू नये, त्यानं माणूस दगावतो. पण तेव्हा त्या वाड्यावस्त्यांवरनं दवाखाना लांब होता आणि आण्णाच्या हातून माणसं उठून बसलेली लोकांनी बघितली होती.

"माज्या हातनं वकल्यालं मानूस मेलं न्हाई," तो सांगायचा. "ज्ये वकलं न्हाई, त्ये सकाळ बघत न्हाई. आता ह्ये सुईतनं देत्यात त्ये काय अमृत हाय? त्ये बी ईषच की. डाक्टर सवता म्हंत्यात. मंग ईष घातलंय तर त्ये रोगाला घिऊन भाईर पडाया नगं?"

लोक माना डोलवायचे. मीही दोनदा डोलावली असेल, कारण माणूस बोलायचा झकास.

पण त्या सकाळनंतर निवासात काहीतरी बदललं. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मालनच्या आलं.

"अहो," दुपारी ती म्हणाली, "या बायका माझ्याशी अशा का वागायला लागल्यात?"

"कशा?"

"नळावर गेले तर सगळ्या बाजूला झाल्या. म्हणाल्या, तू भर आधी. कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी कधी साधं बोलत नव्हती, ती आज माझ्या डोक्यावरनं हात फिरवून गेली. आणि हे बघा."

तिच्या मांडीवर एक नवाकोरा हिरवा खण होता. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी कुंकू लावून दिला होता, काही कारण न सांगता.

"चांगल्या आहेत बायका. तू उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नको."

"मरणाऱ्या बाईशी माणसं अशी वागतात," मालन म्हणाली. आणि ती म्हणत होती ते खरं होतं.

संध्याकाळी मी व्हरांड्यात गेलो तर बोलणं बंद पडलं. एकानं मला बसायला खुर्ची दिली. कुणी "पडलं का?" असं विचारलं नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी तिथं फार वेळ बसू शकलो नाही.

खोलीत आलो तर मालन पाकीट हातात धरून बसली होती.

"मला पाणीच देत असतील तर?" ती म्हणाली.

"कसलं पाणी?"

"मॅडम म्हणाल्या ना, कुणाला काय देतोय ते आम्हालाच माहीत नाही. मग कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती सलाईन, असंही असेल की. मला काहीच होत नाही म्हणजे माझ्यात काही जातच नाही."

"अगं बाई, ते उलटीच्या गोळ्यांचं होतं! सुईतलं औषध सगळ्यांना तेच. डोळ्यांनी बघितलंस ना तू, लालभडक होतं."

"सरबत पण लाल असतं."

"आणि लघवी लाल झाली ती सरबतानं?"

तिनं पाकीट खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "बरं, खरं औषध गेलं असेल. मग तर आण्णा म्हणतात तेच. विष आत गेलंय आणि मी गोळ्या खाऊन त्याला आत कोंडून ठेवलंय."

"आण्णा काय एमबीबीएस आहे?"

"ओरडू नका. लोक ऐकतात."

त्या दिवशी तिनं गोळी घेतली, पण मी समोर उभा राहिलो म्हणून. गिळताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच तिला काहीतरी वाईट पाजतोय. जिच्यासाठी नारळ फोडला, तीच गोळी आता तिला नको होती. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तपासणीला आम्ही चौघं एकामागोमाग बाकावर बसलो होतो. मालनचा नंबर आधी झाला. मग अक्काताईचा. तिला मी उजेडात नीट बघितलं ते तेव्हा. ओठांना चिरा पडलेल्या, डोळे खोल गेलेले, नवऱ्याच्या खांद्याला टेकून कशीबशी उभी. मला वाटलं, आता मॅडम ऐकतील आणि हिची गोळी बदलतील.

"उलटी किती वेळा झाली?" मॅडमनी विचारलं.

"आजाबात न्हाई," बाळकूआण्णा म्हणाला. "लई झ्याक गोळी हाय मॅडम."

मी चमकून बघितलं. त्याच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही.

"अक्काताई, जीभ कोरडी दिसतेय. पाणी पिता ना?"

"पानी लई पिती," आण्णाच बोलला.

"बरं हाय मला, मॅडम," अक्काताई म्हणाली. मॅडमनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, उद्या रक्त तपासू म्हणाल्या, आणि मागची माणसं ढकलायला लागली.

बाहेर आल्यावर मी आण्णाचा दंड धरला आणि त्याला जिन्याखाली नेलं.

"खोटं का सांगितलंत?"

"सांगिटलं तर आनी घट्ट बूच लावत्याल."

"मग गोळ्या?"

"गटारात."

"आण्णा! बाईचं चिपाड झालंय!"

"आतनं निगाया लागलंय म्हनून. जरा कळ सोसाया लागती. म्या मिठाचं पानी बी सुरू केलंय, परवापासनं. म्हनून तर हिरवं पडलं." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती, लबाडी नव्हती. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. "सायेब, रागाला यिऊ नगा. पन तुमी वैनींचं वाटुळं करालाय. अजून दिस गेल्यालं न्हाईत. माज्या हवाली करा."

"मी आत्ता मॅडमना सांगतो."

"सांगा."

तो शांतपणे निघून गेला. बाकावरून अक्काताई माझ्याकडं बघत होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं हातानंच मला खूण केली, नको. मला त्याचा अर्थ लागला नाही. नवऱ्याला वाचवतेय असं वाटलं आणि माझा संताप आणखी वाढला. स्वतःच्या मरणाला मदत करणारी बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

मालनला म्हणालो, "तू हो पुढं, मला मॅडमशी बोलायचंय." ती रिक्षात बसून गेलीसुद्धा.

मॅडम वॉर्डात गेल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत मी दाराशी थांबलो. सगळं सांगितलं. मिठाच्या पाण्याचं नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला.

"तांब्यानं? आणि वर उलट्या? अहो, तिची किडनी बंद पडेल. तिला आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी कॉट तयार ठेवते."

"मॅडम, एक विचारतो. उलटी झाली म्हणजे औषध लागू पडतंय, असं काही असतं का?"

"मुळीच नाही. औषध रक्तात जातं, पोटात काही नसतं बाहेर पडायला. उलटीचा हुकूम डोक्यातून सुटतो. आम्ही तो हुकूम थांबवतो, इतकंच. ज्यांना उलटी होत नाही त्यांच्यावरही औषध तेवढंच काम करतं." मग त्यांनी घाईघाईनं विचारलं, "त्यानं आणखी कुणाला पाजलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. आणि तो शब्द तोंडात असतानाच मला रिक्षा आठवली. मालन एकटी नव्हती बसली. पुढं ड्रायव्हरशेजारी आण्णा होता आणि मागं अक्काताईला मालननं धरलं होतं.

दवाखान्यापासून निवासापर्यंत मी कसा आलो ते मला आजही सांगता येणार नाही. व्हरांड्यात माणसं बसली होती. मी पळत येताना बघून कुणी उठलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सगळे खाली बघत होते. आमची खोली उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. बाळकूआण्णाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी दार ढकललं.

मालन जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढं घमेलं, हातात तांब्या. आण्णा तिच्या पाठीमागं उकिडवा बसून, लेकीच्या पाठीवरनं फिरवावा तसा हात फिरवत होता. "एका दमात, वैनी. मदी थांबायचं न्हाई. भ्याचं न्हाई."

"मालन!"

"अहो, ओरडू नका." तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता. "माझ्या आड येऊ नका. मला जगायचंय हो."

घरी न्या म्हणणारी माझी बायको. तिनं हे म्हणावं म्हणून मी हात जोडले होते, आणि ती ते म्हणाली ती तांब्या तोंडाशी नेताना. मी पुढं झालो. आण्णा मध्ये उभा राहिला. हडकुळा खरा, पण दाराच्या चौकटीएवढा वाटला मला तेव्हा.

"वैनी, पिऊ नगंसा."

कॉटवरून आवाज आला. अक्काताई कोपरावर उठली होती. एवढ्यानंही तिला धाप लागली होती.

"तू गप पड," आण्णा मायेनं म्हणाला. "तुजं झालंया. वैनींचं ऱ्हायलंय."

"माजं काय झालंया?"

"निम्मं ईष उतारलंय तुजं. आनी चार दिस."

"उतारलं न्हाई," अक्काताई म्हणाली. "दुकनं लिव्हरात गेलंय."

मालनचा हात तांब्यासकट तसाच राहिला.

"कोन म्हनलं?"

"निमकर बाई. पोटाचा फोटू काढला त्या दिशी. तुमी रगात द्याया गेलतासा, म्या एकलीच हुते. म्या म्हनलं, मला सांगा, त्यास्नी सांगू नगा. बाईनं समदं सांगिटलं. ह्ये औशिद आता बरं कराया न्हाई. जरा दिस वाढवाया हाय, तेवडंच."

आण्णा तिच्याकडं बघत राहिला. मग चाचपडल्यासारखं म्हणाला, "आनि तू... परवा तूच म्हनलीस, तांब्या आना म्हनून. तूच मागिटलास."

"व्हय."

"कशापायी?"

"मी वकले की तुमी भाकरी खाता. सोमवारी मला काय पडलं न्हाई, तवा तुमी रातभर भिताडाला टेकून माज्या तोंडाकडं बगत बसलासा. त्ये मला बगवंना." ती दम घ्यायला थांबली. "माजं जायाचंच हाय. तुमचं चार दिस बरं जात्याल तर जाऊ द्यात, म्हनलं. शेवटापातुर झाकून नेलं असतं म्या. ह्या दादास्नी बी खुनावलं मगाशी. पन वैनींचं काय बिगाडल्यालं न्हाई अजून. त्येंचं आयुक्ष कशापायी कमी करतासा?"

दवाखान्यातली ती खूण मला तेव्हा कळली. मी दारातच बसलो.

मालननं तांब्या खाली ठेवला. ठेवताना थोडं पाणी फरशीवर सांडलं आणि आण्णाच्या पायापर्यंत आलं. त्यानं पाय मागं घेतला नाही. मग तो वाकला, बायकोला पांघरुणासकट उचललं आणि मला म्हणाला, "सायेब, रिक्षा बगा."

दवाखान्यात तिला लगेच सलाईन लागली. निमकर मॅडमनी स्वतः इंजेक्शन दिलं, उलटी थांबवणारं, या खेपेला नाव लिहिलेलं. तुलनेतनं त्यांनी अक्काताईचं नाव काढून टाकलं. आण्णाला त्या रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी त्याला फक्त बसायला स्टूल दिलं. तो बसला आणि बायकोच्या हातातल्या सुईकडं बघत राहिला.

बाहेर बाकावर मालननं पर्समधून पाकीट काढलं. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "पाणी आणा." गोळी गिळली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "पुढचा डोस कधी आहे?"

तिचे सगळे डोस झाले. निवासातल्या बायका तिला शेवटपर्यंत नळावर आधी पाणी भरू देत होत्या, आणि मालन खुशाल भरत होती. त्या दोन औषधांत शेवटी कुठलं जिंकलं ते आम्ही विचारलं नाही. आज ती साठीची आहे. मी हे लिहीत बसलोय म्हणून आतनं ओरडतेय, की दळण कोण आणणार.

पण त्या दिवसांतलं शेवटचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मालन अक्काताईला बघायला वॉर्डात गेलो. तिच्या ओठांवर ओल आली होती. उशीला टेकून ती जवळजवळ बसली होती. मालनला बघून हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, भूक लागलीया."

आण्णानं खाली उतरून कुठनं तरी दूध आणलं, पिशवीतली भाकरी त्यात कुस्करली आणि बोटांनी अगदी मऊ केली. पहिला घास त्यानं तिच्या तोंडात दिला आणि वाटी खाली ठेवून दोन्ही हातांची ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली. तिनं घास चावला. गिळला. तो तिच्या गळ्याकडं बघत होता. आम्ही दोघंही बघत होतो. जरा वेळ गेला. त्यानं दुसरा घास दिला, परत ओंजळ धरली. तिसरा दिला.

काही आलं नाही.

"ऱ्हायलं बगा पोटात," अक्काताई म्हणाली. "गोड लागतंय. द्या आनी."

बाळकूआण्णानं आपल्या रिकाम्या ओंजळीकडं बघितलं आणि हंबरडा फोडला.